सर आयझॅक न्यूटन व दानीएलाचे दृष्टांत

न्यूटनाचें नांव निघालें कीं तुमच्या डोळ्यांपुढें सफरचंदाचें झाड उभें राहतें. त्याचे गतीचे तीन नियम तुम्हीं पाठ केले आहेत. काचेच्या लोलकांतून सूर्यकिरण नेऊन त्याचे रंग कसे वेगळे होतात, हेंही तुम्हीं प्रयोगशाळेंत पाहिलें आहे. परंतु ह्याच पुरुषानें पन्नास वर्षांहून अधिक काळ पवित्र शास्त्रांतील दानीएलाचा ग्रंथ व प्रकटीकरण हीं दोन पुस्तकें समजून घेण्यासाठीं परिश्रम केले, त्यांवर कित्येक लाख शब्द लिहून ठेविले, आणि त्यांतील एक ओळही आपल्या हयातींत आपण होऊन छापविली नाहीं, ही गोष्ट आपल्या क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं.

ह्या वर्षीं हाच विषय घेण्यास एक निमित्त घडलें. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या सुरुवातीस नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें शास्त्राच्या तासानंतर मजपाशीं एक छापील पत्रक आणून दिलें. जगाचा शेवट अमुक सालीं होणार, असें त्यांत दानीएलाच्या आंकड्यांवरून सिद्ध केलें होतें, आणि तें साल दूर नव्हतें. मुलानें पत्रकांतील बेरजा आपल्या वहींत पुन्हा करून पाहिल्या होत्या. त्या सगळ्या बरोबर होत्या. बेरीज बरोबर असतां उत्तर खोटें कसें, एवढाच त्याचा प्रश्न होता. पण आदल्या रात्रीं त्यास नीट झोंप लागली नसावी, असें त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलें. त्या वेळीं मीं त्यास घाईनें कांहींतरी उत्तर दिलें, व तें अपुरें होतें. त्याहून चांगलें उत्तर ज्या माणसापाशीं होतें, त्याची हकीकत येथें देत आहें.

न्यूटनाचा जन्म इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत वुल्सथॉर्प नांवाच्या खेड्यांत १६४२ च्या नाताळाच्या दिवशीं झाला. त्या काळीं इंग्लंडांत जुनी दिनगणना चालू होती. आजच्या गणनेनें ती तारीख ४ जानेवारी १६४३ अशी येते. बाप शेतकरी. त्यास स्वतःची सहीही करतां येत नसे, आणि मुलाच्या जन्मापूर्वी तीन महिने तो वारला. मूल तीन वर्षांचें झालें तेव्हां आईनें जवळच्या गांवच्या बार्नबस स्मिथ नांवाच्या एका वृद्ध पाळकाशीं दुसरें लग्न केलें व मुलाला आजीपाशीं ठेवून ती नव्या घरीं गेली. ही जखम त्याच्या मनांत फार खोल गेली असली पाहिजे. कारण एकोणिसाव्या वर्षीं त्यानें आपल्या पापांची एक यादी लिहून काढली, तींत आई व सावत्र बाप यांना घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिल्याचें पाप त्यानें प्रामाणिकपणें नोंदविलें आहे. १६५३ सालीं सावत्र बाप वारला. त्याच्या घरांत दोन-तीनशें पुस्तकें होतीं, आणि त्यांतील बहुतेक धर्मशास्त्रावरील होतीं. ज्याच्याविषयीं मनांत एवढा राग, त्याचींच पुस्तकें ह्या मुलाच्या वांट्यास आलीं.

ग्रँथम येथील शाळेंत शिक्षण झाल्यावर १६६१ सालीं तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. श्रीमंत विद्यार्थ्यांची लहानसहान कामें करून फी भागविणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या वर्गांत त्याचें नांव होतें. आपल्या बोर्डिंगांतील जीं मुलें काम करून शिकत आहेत, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. पुढें १६६५ मध्यें प्लेग आला, कॉलेज बंद पडलें, न्यूटन गांवीं गेला, व तेथें त्यानें काय काय शोध लावले तें तुम्हांस ठाऊकच आहे. १६६९ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, तो गणिताचा प्राध्यापक झाला.

येथें त्याच्या आयुष्यांतील पहिला मोठा पेंच आला. त्या कॉलेजाच्या फेलोनें ठराविक मुदतींत पाळकपदाची दीक्षा घेतलीच पाहिजे, न घेतल्यास जागा सोडली पाहिजे, असा नियम होता. न्यूटनाची मुदत १६७५ सालीं संपत होती. दीक्षेसाठीं मनाची तयारी करावी म्हणून तो शास्त्रलेख व पहिल्या चार-पांच शतकांतील मंडळीचा इतिहास वाचूं लागला. आणि वाचतां वाचतां अशा निर्णयाला येऊन पोंचला कीं त्रैक्याचा सिद्धांत मूळ शास्त्रांत नाहीं, तो मागाहून आला. आपल्या मंडळीचा विश्वास असा नाहीं, व न्यूटनाचें हें मत मलाही मान्य नाहीं. परंतु थोर माणसाचें चरित्र सांगतांना अडचणीचें पान गाळावें, हें मला योग्य वाटत नाहीं. दीक्षा घ्यावी तर मनांत नाहीं तें तोंडानें बोलावें लागणार. न घ्यावी तर कॉलेज सुटणार. जागा सोडण्याची त्याची तयारी झाली होती. इतक्यांत ज्या प्राध्यापकपदावर तो होता त्या पदाला राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून दीक्षेच्या नियमांतून सूट मिळाली, आणि तो वांचला.

मात्र त्या दिवसापासून त्यानें आपल्या मताभोंवतीं मौनाची भिंत बांधली. ती भिंत उगीच नव्हती. १६९७ सालीं स्कॉटलंडांत एडिंबरो येथें वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला शास्त्राची व त्रैक्याची निंदा केल्याच्या आरोपावरून फांशी देण्यांत आलें. न्यूटनाच्या मागून त्याच्याच जागेवर आलेला प्राध्यापक विल्यम व्हिस्टन यानें तेंच मत उघड बोलून दाखविलें, तेव्हां १७१० सालीं विद्यापीठानें त्यास काढून टाकलें. न्यूटन त्या वेळीं लंडनास टांकसाळीचा मुख्य अधिकारी व रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. व्हिस्टनासाठीं तो एक शब्दही बोलला नाहीं. ह्या मौनाबद्दल त्यास भित्रा म्हणावें कीं सावध म्हणावें, ह्याचा निर्णय मीं अनेकदां करून पाहिला आहे, पण तो एकसारखा येत नाहीं.

आतां दानीएलाकडे वळूं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यहूदाच्या राज्यांतून जे कुलीन तरुण धरून नेले त्यांत दानीएल होता. राजाला स्वप्न पडलें. स्वप्नांत एक प्रचंड पुतळा होता: मस्तक सोन्याचें, छाती व हात रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावलें कांहीं लोखंडाचीं व कांहीं मातीचीं. मग कोणाचाही हात न लागतां एक पाषाण सुटून आला, पावलांवर आदळला, आणि सगळा पुतळा खळ्यांतील भुसाप्रमाणें उडून गेला. पुढें सातव्या अध्यायांत दानीएलाला स्वतःला दृष्टांत होतो. समुद्रांतून चार श्वापदें वर येतात: गरुडाचे पंख असलेला सिंह, अस्वल, चार पंखांचा व चार शिरांचा चित्ता, आणि शेवटीं लोखंडी दातांचें व दहा शिंगांचें एक भयंकर श्वापद. त्या शिंगांमधून आणखी एक लहानसें शिंग निघतें व मोठमोठ्या गोष्टी बोलतें.

हीं चार राज्यें कोणतीं? सोन्याचें मस्तक म्हणजे बाबेल, हें दानीएल स्वतःच राजाला सांगतो. आठव्या अध्यायांत एडका व बकरा यांचा आणखी एक दृष्टांत आहे, त्यांत एडका म्हणजे मेद व पारस यांचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा असें दूत उघड करून सांगतो. इतिहासाशीं हें ताडून पाहतां येतें. इ. स. पूर्वी ५३९ मध्यें पारसाचा राजा कोरेश यानें बाबेल घेतलें, इ. स. पूर्वी ३३१ मध्यें गॉगामेलाच्या रणांगणावर अलेक्झांडरानें पारसी बादशहा तिसरा दारयावेश याचा पराभव केला, इ. स. पूर्वी ३२३ मध्यें अलेक्झांडर बाबेलांतच मरण पावला व त्याचें राज्य त्याच्या सरदारांनीं वांटून घेतलें. चौथें राज्य कोणतें, ह्याविषयीं मात्र ग्रंथांत नांव नाहीं, आणि सगळा वाद तेथूनच सुरू होतो.

हा वाद फार जुना आहे. तिसऱ्या शतकांत पॉर्फिरी नांवाच्या ख्रिस्तेतर तत्त्ववेत्त्यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं दानीएलाचा ग्रंथ बाबेलांत लिहिलेलाच नाहीं. ज्या अंतिओख एपिफानेस राजानें यहूदी लोकांचा छळ केला त्याच्या काळीं, म्हणजे इ. स. पूर्वी १६५ च्या सुमारास, तो लिहिला गेला. त्याला उत्तर म्हणून ४०७ सालीं जेरोम नांवाच्या थोर धर्मपंडितानें दानीएलावर भाष्य लिहिलें. जेरोमाच्या मतें चौथें राज्य रोमचें. त्याच्या डोळ्यांदेखत रोमी साम्राज्य रानटी टोळ्यांच्या मदतीवर तग धरून होतें, म्हणून लोखंडांत मिसळलेली माती त्यास पुस्तकांतच नव्हे तर खिडकीबाहेरही दिसत होती. तीनच वर्षांनीं, ४१० मध्यें, गॉथ लोकांनीं रोम शहर लुटलें. आजचे पुष्कळ विद्वान ग्रंथाच्या काळाविषयीं पॉर्फिरीच्या बाजूचे आहेत, व बाबेल, मेद, पारस आणि ग्रीस अशीं चार राज्यें मोजतात. न्यूटनाच्या काळीं मात्र प्रॉटेस्टंट देशांत जेरोमाचाच क्रम सर्वमान्य होता. त्यांत भर घालून लहान शिंग म्हणजे रोमचे पोप असें तेथील भाष्यकार सांगत, आणि कॅथलिक पंडितांना तें अर्थातच कबूल नव्हतें.

ह्या रानांत न्यूटन शिरला तो जोसेफ मीड नांवाच्या केंब्रिजच्याच एका पंडिताचें बोट धरून. मीड १६३८ सालीं वारला होता. प्रकटीकरणाची किल्ली शोधणारा त्याचा लॅटिन ग्रंथ १६२७ सालीं निघाला होता. त्या ग्रंथाचें ऋण न्यूटनानें कधींही नाकारलें नाहीं. पण त्यानें स्वतःची अशी एक शिस्त घातली, आणि ती पाहिली म्हणजे हाच तो गति-नियमांचा कर्ता हें पटतें.

प्रथम त्यानें अर्थाचे नियम ठरविले. शास्त्रांतील एका स्थळाला एकच अर्थ द्यावा. एकदां एका चिन्हाचा जो अर्थ धरला तोच शेवटपर्यंत धरावा. येथें अडलें म्हणून एक व तेथें अडलें म्हणून दुसरा, असें करूं नये. दोन अर्थ संभवत असतील तर जो अधिक साधा व सरळ तो घ्यावा. मग त्यानें संदेष्ट्यांच्या भाषेचा एक कोशच तयार केला. सूर्य म्हणजे राजा, तारे म्हणजे लहान राजे व सरदार, पृथ्वी म्हणजे सामान्य प्रजा, भूकंप म्हणजे राज्याची उलथापालथ, श्वापद म्हणजे साम्राज्य, शिंग म्हणजे त्या साम्राज्यांतून फुटलेलें राज्य. हे अर्थ त्यानें मनानें ठरविले नाहींत. यशया, यिर्मया, यहेज्केल यांचे ग्रंथ शेजारीं ठेवून, आणि अखमेत याच्या नांवावर चालणारें स्वप्नफलांचें एक जुनें ग्रीक पुस्तकही चाळून, प्रत्येक चिन्ह कोठें कोणत्या अर्थानें आलें आहे हें त्यानें पडताळून पाहिलें. दानीएलाच्या ग्रंथाचे पहिले सहा अध्याय निरनिराळ्या लेखकांच्या जुन्या कागदांतून जमविलेले असून शेवटचे सहाच दानीएलाचे स्वतःचे आहेत, असेंही मत त्यानें नोंदविलें आहे. श्रद्धा म्हणजे चौकशी न करणें, असें त्यास वाटत नसे.

दहा शिंगांसाठीं त्यानें केलेले श्रम पाहून मन थक्क होतें. पश्चिमेकडील रोमी साम्राज्य मोडूं लागल्यावर पांचव्या शतकांत जीं राज्यें उभीं राहिलीं त्यांचा एकेकाचा इतिहास त्यानें मूळ लॅटिन व ग्रीक बखरींतून काढला: व्हँडाल, स्पेनांतील सुएवी, व्हिसिगॉथ, गॉल देशांतील अलान, बर्गंडी, फ्रँक, ब्रिटन, हूण, लाँबार्ड, आणि दहावें राज्य म्हणून रावेन्ना येथें उरलेलें खुद्द रोमी बादशहाचें ठाणें. यादी बरोबर दहांची झाली. ती दहांचीच व्हावी म्हणून कांहीं राज्यें मोजलीं गेलीं व कांहीं सुटलीं, असा संशय वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पडणाऱ्या दगडाचा वेग मोजतांना न्यूटनानें स्वतःला अशी मोकळीक कधींच दिली नसती.

आतां आंकड्यांची गोष्ट. लहान शिंगाचा अंमल एक काळ, दोन काळ व अर्धा काळ चालेल, असें दानीएल म्हणतो. काळ म्हणजे वर्ष धरलें तर साडेतीन वर्षें, म्हणजे बेचाळीस महिने. महिन्याचे तीस दिवस धरल्यास १२६० दिवस. प्रकटीकरणांतही हाच आंकडा येतो. गणना व यहेज्केल ह्या पुस्तकांत एका दिवसाबद्दल एक वर्ष असें माप एकेका ठिकाणीं आलें आहे. त्यावरून हे भाष्यकार १२६० दिवस म्हणजे १२६० वर्षें समजत. एवढें धरल्यावर उरतें तें मराठी तिसरींतील मुलालाही जमेल असें गणित. आरंभाच्या सालांत १२६० मिळविले कीं शेवटचें साल आलें.

मोठमोठ्या गणित्यांनाही ह्या बेरजेचा मोह आवरला नाहीं. ज्याच्या लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर आपल्यापैकीं कित्येकांनीं परीक्षेंत भिस्त ठेविली, त्या स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनें १५९३ सालीं प्रकटीकरणावर ग्रंथ लिहून जगाचा शेवट १६८८ ते १७०० ह्या मुदतींत येईल असें अनुमान काढलें होतें. नेपियर १६१७ मध्यें वारला. त्याची मुदत भरली तेव्हां न्यूटन हयात होता; १६८८ आलें व गेलें, १७०० आलें व गेलें.

पण न्यूटनाच्या अधिक जिव्हारीं लागली असेल ती दुसरी गोष्ट. निकोलस फातिओ नांवाचा एक बुद्धिमान स्विस गणिती एके काळीं त्याचा अत्यंत जिवलग स्नेही होता. रॉयल सोसायटीचा तो सभासद होता. घड्याळाच्या चाकांचे आंस माणकांत भोंक पाडून त्यांत बसविण्याची युक्ति त्याचीच. आजोबांच्या मनगटावरील जुन्या घड्याळावर माणकांची संख्या लिहिलेली तुम्हीं पाहिली असेल. १७०६ सालीं फ्रान्सांतून छळामुळें पळून आलेले कांहीं प्रॉटेस्टंट लंडनांत येऊन अंगांत आल्याप्रमाणें भविष्यें सांगूं लागले, आणि हा गणिती त्यांचा अनुयायी होऊन त्यांचीं भाषणें लिहून घेऊं लागला. न्यायालयानें शिक्षा दिली, व डिसेंबर १७०७ मध्यें लंडनच्या भर चौकांत लांकडी फळ्यांमध्यें मान व हात अडकवून त्यास लोकांपुढें उभें करण्यांत आलें. त्याच महिन्यांत त्यांच्यांतील एमेस नांवाचा एक वैद्य वारला. तो २५ मे १७०८ रोजीं कबरींतून उठेल, अशी तारीखवार घोषणा ह्या लोकांनीं केली. त्या दिवशीं कबरस्तानांत लोकांची झुंबड उडाली. एमेस उठला नाहीं. लंडनभर हंशा झाला, आणि त्या हंशांत संदेष्ट्यांबरोबर दानीएलही आला व योहानही आला. फातिओ पुढें नव्वदीच्या जवळ पोंचेपर्यंत जगला. परंतु त्याच्या बुद्धीपासून ज्या अपेक्षा होत्या त्या तशाच राहिल्या.

ह्या प्रकारांत न्यूटन काय म्हणाला ह्याची नोंद नाहीं. पण त्याच्या कागदांत त्याच्याच अक्षरांत एक हिशेब आहे. २५ डिसेंबर ८०० रोजीं रोम येथें पोपनें शार्लमेन राजाला बादशहा म्हणून मुकुट घातला. तो आरंभ धरून न्यूटनानें १२६० मिळविले, आणि उत्तर आलें २०६०. त्याच्या आधीं शेवट येण्यास कांहीं कारण दिसत नाहीं, अशा आशयाचें तो लिहितो. आणि लगेच खुलासा करतो कीं आपण हें साल शेवटाची वेळ ठासून सांगण्यासाठीं काढलेलें नाहीं, तर जे उतावळे लोक वरचेवर साल जाहीर करतात व तें चुकलें म्हणजे शास्त्रालाच कमीपणा आणतात, त्यांचें तोंड बंद व्हावें म्हणून काढलें आहे. शेवट म्हणजे सृष्टीचा नाश, असेंही त्याच्या मनांत नव्हतें. भ्रष्ट सत्तेचा अंत व प्रभूच्या राज्याचा आरंभ, असें तो समजत असे. हा कागद त्यानें छापला नाहीं. २००३ सालीं वृत्तपत्रांतून त्याचा बोभाटा झाला तेव्हां बहुतेकांनीं २०६० हा आंकडा तेवढा उचलला व खुलासा सोडून दिला. आज नववींत असलेला विद्यार्थी त्या सालीं पन्नाशीला टेकलेला असेल, व त्या वेळींही कोणी ना कोणी पत्रकें वांटीत असेलच.

त्याच्या मरणानंतर छापलेल्या पुस्तकांत न्यूटनानें हाच विचार अधिक स्पष्ट केला आहे. भाष्यकारांची चूक ही कीं देवानें आपल्यालाच संदेष्टे नेमलें आहे अशा समजुतीनें ते पुढच्या गोष्टींचीं सालें सांगूं लागले. हीं भविष्यें माणसाचें कुतूहल भागविण्यासाठीं दिलेलीं नाहींत. घटना घडून गेल्यावर मागें वळून पाहतां ग्रंथाचा अर्थ उलगडावा, आणि जग देवाच्या हातांत आहे हें दिसावें, एवढ्यासाठीं तीं आहेत. त्यांतून देवाची योजना प्रकट व्हावयाची, भाष्यकाराची हुशारी नव्हे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडलें. एडमंड हॅली हा न्यूटनाचा मित्र. न्यूटनाचेच नियम वापरून त्यानें १७०५ सालीं असें दाखविलें कीं १५३१, १६०७ व १६८२ सालीं दिसलेला धूमकेतु एकच असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. हॅली मेला, न्यूटन तर त्याच्या आधींच गेला होता. आणि १७५८ च्या नाताळाच्या रात्रीं जर्मनींतील एका शेतकऱ्यानें दुर्बिणींतून तो धूमकेतु पाहिला. तीच बेरीज, तेंच गणित. तेथें उत्तर खरें ठरलें. कारण धूमकेतूचा आरंभ कोणी निवडला नव्हता, तो आकाशांत दिसला होता. १२६० वर्षांचा आरंभ कोठून धरावा हें मात्र ग्रंथ सांगत नाहीं, तें ज्याचें त्यानें निवडावयाचें असतें. न्यूटनाच्या स्वतःच्या कागदांत निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे आरंभ धरून पाहिलेले आहेत. अमेरिकेंत विल्यम मिलर नांवाच्या एका शेतकऱ्यानें दानीएलाच्या आठव्या अध्यायांतील २३०० दिवस इ. स. पूर्वी ४५७ पासून मोजले. १८४३ गेल्यावर, इतिहासांत शून्य नांवाचें साल नाहीं हें ध्यानांत येऊन, त्याच्या लोकांनीं हिशेब १८४४ वर नेला. त्या वर्षींच्या २२ ऑक्टोबरला हजारों लोक वाट पाहत होते. कित्येकांनीं शेतांतील पीकही काढलें नव्हतें. बेरीज त्यांचीही बरोबरच होती. त्या मुलाला मीं नंतर बोलावून हें सांगितलें, व पत्रकांतील आरंभाचें साल कोणी व कां निवडलें तें शोधून आण, असें काम दिलें. तें त्यास पत्रकांत कोठेंच सांपडलें नाहीं.

न्यूटन भविष्यापुरता सावध राहिला, परंतु भूतकाळाच्या बाबतींत त्याची सावधगिरी सुटली. प्राचीन राज्यांचा कालक्रम सुधारण्यासाठीं त्यानें मोठा ग्रंथ लिहिला. जुन्या बखरींत एका राजाच्या कारकीर्दीस सरासरी तेहेतीस ते चाळीस वर्षें धरलेलीं असत; इतिहास पाहतां अठरा ते वीसच वर्षें पडतात, असें त्यानें दाखविलें, आणि तें निरीक्षण मार्मिक होतें. पण त्यावरून त्यानें ग्रीस व मिसर देशांचा इतिहास शेंकडों वर्षांनीं आंखडून टाकला, कारण शलमोनाच्या राज्याहून जुनें मोठें राज्य असूं नये असें त्याच्या मनानें घेतलें होतें. १८२२ सालीं शाँपोल्यों यानें मिसरची चित्रलिपि वाचली, आणि दगडांनींच साक्ष दिली कीं शलमोनाच्या पूर्वी दोन हजार वर्षें तेथें राजे होते. ह्या ग्रंथाचा सारांश त्यानें राजघराण्यांतील कॅरोलाइन हिच्या आग्रहास्तव लिहून दिला होता. तो फुटून १७२५ सालीं त्याच्या संमतीवांचून पॅरिसांत छापला गेला, तेव्हां तो फार संतापला.

चौऱ्यायशी वर्षांचा झाला तरी तो हेंच काम करीत होता. मरणापूर्वी थोडे दिवस एक पाळक त्यास भेटावयास गेले, तेव्हां खिडक्यांपासून दूर, खोलीच्या अंधाऱ्या बाजूस, चष्म्यावांचून तो कालक्रमाचीं पानें लिहीत बसलेला त्यांना आढळला. शेवटच्या आजारांत मंडळीच्या रिवाजाप्रमाणें प्रभुभोजनाचा संस्कार घेण्यास त्यानें नकार दिला. जें पन्नास वर्षें ओठांवर आणलें नाहीं तें त्यानें त्या एका नकारांत सांगून टाकलें. जुन्या गणनेप्रमाणें २० मार्च १७२७ रोजीं तो वारला व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यास राजमानानें पुरण्यांत आलें.

मागें कागदांचे ढीग राहिले. ते तपासण्यास एका डॉक्टराला नेमलें; त्यानें बहुतेकांवर छापण्यास अयोग्य असा शेरा मारला. १७२८ मध्यें कालक्रमाचा ग्रंथ व १७३३ मध्यें दानीएल आणि योहान यांच्या भविष्यांवरील पुस्तक निघालें. बाकीचे कागद भाचीच्या वंशजांकडे पेट्यांत पडून राहिले. एकोणिसाव्या शतकांत त्या घराण्यानें ते केंब्रिज विद्यापीठाला देऊं केले, तेव्हां विद्यापीठानें गणिताचे तेवढे ठेवून घेतले व धर्माविषयींचे परत पाठविले. १९३६ सालीं लंडनांत त्यांचा लिलांव झाला. सगळे मिळून नऊ हजार पौंडांच्या आसपास आले. कांहीं अर्थशास्त्रज्ञ केन्स यानें घेतले. दानीएल व प्रकटीकरण यांवरील बरेचसे एब्राहाम यहूदा नांवाच्या एका यहूदी पंडितानें जमविले, व त्याच्या मृत्यूनंतर १९६९ सालीं ते यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पोंचले. नबुखद्नेस्सरानें ज्या नगराला वेढा घालून दानीएलास धरून नेलें असें त्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांत लिहिलें आहे, तेंच हें नगर. २०६० चा आंकडा असलेला तो कागदही तेथेंच आहे.